पाणी कसं आहे, खरं सांग

२२ मार्च १९९८, रविवार

सोल्वेग,

अक्षर ओळखलंस ना? अजून तसंच आहे, कोंबडीनं उकरल्यासारखं. फाडू नकोस. निदान हे पान वाच, मग काय करायचं ते कर. अकरा वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस आणि मी नाताळची कार्डं पाठवत राहिलो, खाली नुसती सही. आता सहीतून माणूस काय बोलणार, कपाळ!

आधी कामाचं सांगतो. नदी मोकळी झाली. गेल्या मंगळवारी काठाचं बर्फ कडाकड मोडून वाहून गेलं. पाणी अजून हात बधिर करणारं आहे, पण स्वच्छ आहे. गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की बुटाचं टोक दिसतं. बाबांची तीच परीक्षा होती. टोक दिसलं तर गळ टाका, नाही दिसलं तर घरी जाऊन झोपा. डोंगरावर मात्र या साली बर्फ फार आहे. त्यानं अजून दीड महिना गप्प बसायला हवं. रात्री गारठा टिकला तर बसेल.

आता मुद्दा. मेच्या दुसऱ्या रविवारी, मदर्स डेच्या आसपास, कॅडिस माशी उठेल. पाण्यावर ढगच्या ढग, आणि खाली प्रत्येक ट्राउट मासा वेड लागल्यासारखा तोंड वर काढून खाणार. तुला मी काय सांगायचं! त्यानंतर आठवड्याभरात डोंगराचं बर्फ वितळून लोंढा येतो आणि जुलैपर्यंत नदीचं नाव काढायचं नाही. मधे सापडतात ते चार-पाच दिवस. त्या दिवसांत तू ये. होडीत पुढच्या जागेवर तू बस, गळ तू टाक, वल्ही मी मारतो. दिवसभर, तक्रार न करता. खांदा हल्ली थोडा कुरकुरतो, पण एकसष्टाव्या वर्षी कुणाचा कुरकुरत नाही?

त्या रविवारबद्दल मी आजवर तोंड उघडलं नाही. आता एवढंच म्हणतो, की दुकानाबाहेरच्या फळ्यावर मी 'पाणी गढूळ' असं लिहिलं ते धंद्याच्या सवयीनं. इथली रीत तुला ठाऊक आहे. नदीवर गिऱ्हाइकं नेणारे आम्ही गाइड फळ्यावर सरळ कधी लिहीत नाही. पाणी झकास असलं की 'बरं आहे' लिहायचं, बरं असलं की 'यथातथा'. म्हणजे बाहेरगावच्या गाड्यांची रांग लागत नाही. तू फळा वाचलास आणि बाबांना घरी ठेवलंस. डॉक्टरांनी हा शेवटचा वसंत म्हणून सांगितलं होतं, आणि बाबांची ती माशी हुकली. सप्टेंबरात ते गेले. पण मी तुम्हाला दोघांना फसवायला लिहिलं नव्हतं, एवढं मान.

ये. खरंच ये.

अर्विड

५ एप्रिल, रविवार

सोल्वेग,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमन हातात देताना म्हणाला, "अर्विड, कुणीतरी तुझी चांगलीच हजेरी घेतलीय बघ." उघडं कार्ड, तो वाचणारच. बंद पाकिटात घालून शिव्या दिल्या असत्यास तर काय बिघडलं असतं?

कार्ड इथे टेबलावर ठेवलंय. "फळा मी वाचलाच नव्हता. सकाळी सात वाजता मी तुला फोन केला होता, विसरलास? येईन की नाही माहीत नाही. पाणी कसं आहे ते दर आठवड्याला लिही. खरं लिही. मी मार्लिसला फोन करून पडताळून घेईन. एकदा जरी खोटं निघालं तर पुन्हा पत्र पाठवू नकोस."

शाळेत पोरांना उठाबशा काढायला लावायचीस तशी लावतेस म्हणजे. लाव.

फोनचं बरोबर आहे. तू फोन केला होतास. सकाळची घाई होती, फळ्यावर जे लिहिलं होतं तेच मी तोंडानं बोलून गेलो. त्याहून जास्त काही नाही.

पाणी. पुलाच्या खांबावरच्या खुणेनं दोन फूट, स्वच्छ, जरा हिरवट. रात्री बर्फ पडावं इतका गारठा असतो, दुपारी थोडं ऊन. ढगाळ दिवशी अकरा ते दोनमध्ये निळसर पंखांची बारीक माशी उठते, डोळ्यांना दिसणार नाही एवढी. मी चष्मा लावूनही तिची पिसांची नक्कल दोऱ्याला बांधताना तीन वेळा चुकतो. काल बेटाच्या वळणावर दोन ट्राउट मिळाले, हातभर नव्हते, वीतभर होते. सोडून दिले. वारा घाणेरडा. हे सगळं मार्लिसला विचार. तिच्या कॅफेच्या खिडकीतून सबंध नदी दिसते आणि ती दिवसभर तेच बघत असते, म्हणून तिची पॅनकेक करपतात.

अर्विड

१८ एप्रिल, शनिवार

सोल्वेग,

एकच ओळ पाठवलीस. "मार्लिस म्हणते, नदीतून झाडं वाहत होती."

वाहत होती. दोन मोठी आणि एक कुणाच्या तरी कुंपणाचा खांब, तारेसकट. गेल्या आठवड्याच्या पत्रात मी 'पाणी छान' असं लिहिलं ते सकाळचं होतं. सकाळी खरंच छान होतं. दुपारी ऊन तापलं, खालच्या उतारांवरचं बर्फ सुटलं आणि चारपर्यंत पाणी चहासारखं झालं. मी पत्र लिहायला बसलो सहा वाजता. सकाळचं लिहिलं, दुपारचं गिळलं. गाइडांची ही जुनी खोड आहे, गिऱ्हाईक फोन करतं तेव्हा नेहमी सकाळचं सांगायचं. पण तू गिऱ्हाईक नाहीस. मला भीती वाटली, की झाडं वाहतायत असं वाचलंस तर तू म्हणशील, कशाला मरायला जायचं त्या नदीवर, आणि येणार नाहीस. म्हणून गिळलं. चुकलो.

तू पुन्हा लिहू नकोस म्हणाली होतीस. एक ओळ का होईना, लिहिलीस, म्हणून मी हे लिहितोय. ही शेवटची संधी आहे असं समजून सगळंच सांगून टाकतो. मग तू पत्रं बंद केलीस तरी निदान पोटात काही राहायला नको.

फोनवर मी घाईत नव्हतो, सोल्वेग. फळ्यावरचं तोंडून गेलं असंही नाही. फळा मी तुझा फोन आल्यानंतर लिहिला. आणि 'गढूळ' हा शब्द आम्ही कुणीच कधी फळ्यावर खोटा लिहीत नाही. 'बरं', 'यथातथा' यांत मापं चोरायची, पण गढूळ म्हणजे गढूळ. त्यावर माणसं दोनशे मैलांचा प्रवास रद्द करतात. तो एक शब्द आम्ही पाळतो. मी तो मोडला.

का मोडला ते ऐक. तेव्हा चोवीस वर्षं मी होडी हाकत होतो. चोवीस वेळा मे महिना आला, चोवीस वेळा कॅडिस उठली, आणि दर वेळी माझ्या हातात वल्ही. पुढे गिऱ्हाईक बसायचं, नाहीतर रविवारी बाबा. वल्हं मारणाऱ्याला सगळं आधी दिसतं, कुठे मासा उठला, कुठे गळ पडायला हवा, आणि त्यानं फक्त सांगायचं. "डावीकडे. अजून थोडं. आता." आयुष्यभर मी लोकांच्या पाठी बघत आलो. बाबांचीही पाठच. ते कधी वळून म्हणाले नाहीत, की अर्विड, तू बस थोडा वेळ पुढे. त्यांना सुचलंच नसेल. मीही कधी मागितलं नाही, कारण मागायची लाज वाटायची.

त्या रविवारी एकही गिऱ्हाईक नव्हतं. मदर्स डे, सगळे आपापल्या आईकडे. पाचला उठून नदीवर गेलो तर पाणी हिरवंगार, बुटाचं टोक काय, नाडीसुद्धा दिसत होती, आणि काठच्या झुडपांवर माशी लगडलेली. मी उड्या मारायचा बाकी होतो. घरी गळाची काठी घ्यायला आलो आणि फोन वाजला. तू म्हणालीस, "बाबा पहाटेपासून जाकीट घालून बसलेत. पाणी कसंय?" मागे त्यांच्या खोकल्याचा आवाज आला. मी म्हणालो, "कोकोसारखं झालंय. झोपू दे त्यांना."

एक दिवस हवा होता मला. फक्त एक. दुसऱ्या दिवशी मी त्यांना नेणार होतो, देवाशप्पथ. पण सोमवारी दुपारी लोंढा आला.

पाणी आज: खांबावर साडेतीन फूट, सकाळी हिरवट, दुपारनंतर गढूळ. दोन्ही लिहिलंय.

अर्विड

२५ एप्रिल, शनिवार

सोल्वेग,

तुझं सहा पानांचं पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरतोय. चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचायची हिंमत नाही.

मला इतकी वर्षं वाटायचं, कुणीतरी गावातल्यानं तुला सांगितलं असेल, अर्विड बेटाच्या वळणावर ट्राउट ओढतोय म्हणून. तुम्ही स्वतः पुलावर होतात हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

तू लिहितेस, दहाला बाबा म्हणाले, "गढूळ तर गढूळ, नदी बघून येऊ." तू त्यांना गाडीत बसवलंस आणि पुलावर आणलंस. पाणी हिरवं. आणि खाली मी, कमरेएवढ्या पाण्यात. तू हॉर्नवर हात ठेवलास आणि बाबांनी तो धरला. म्हणाले, "वाजवू नकोस, मासा बुजेल."

दोन तास! दोन तास तुम्ही गाडीची काच खाली करून बसलात आणि मी एकदासुद्धा वर पाहिलं नाही. बाबा तिथून पुटपुटत होते म्हणतेस. "दोरी सैल सोड... हां, आता... हळू ओढ, गाढवा, हळू... शाब्बास." मी तो मोठा मासा जाळीत घेतला तेव्हा त्यांनी टाळी वाजवली, आणि मग खोकल्याची ढास लागली, आणि तू त्यांना घरी नेलंस. जाताना म्हणाले, "चांगला टाकतो की गळ. मला ठाऊकच नव्हतं."

हे वाक्य वाचून मी काय केलं ते लिहीत नाही. तू माझी धाकटी बहीण आहेस, तुला कशाला कळायला हवं.

आणि तू लिहितेस, की बाबा खूश होते म्हणून तुला जास्तच राग आला. त्यांनी संध्याकाळी सांगितलं, अर्विडला यातलं काही बोलू नकोस, त्याला ओशाळं वाटेल. तू त्यांचा शब्द पाळलास आणि त्यांच्या दफनानंतर गाडी काढून थेट फार्गोला राहायला गेलीस. "त्यांनी माफ केलं, ते त्यांचं. मी त्यांचं जाकीट काढलं होतं सकाळी, तू सांगितल्यावर, आणि ते माझ्याकडे बघत राहिले होते. मी माझ्या डोळ्यांनी हिरवं पाणी पाहिलं. त्यानंतर तू 'गुड मॉर्निंग' म्हणालास तरी मी खिडकीबाहेर बघून खात्री केली असती."

बरोबर आहे तुझं. याच्यावर मी वाद घालणार नाही. अकरा वर्षं मी मनात तुला नावं ठेवत होतो, गावातल्या कुणाच्या सांगण्यावरून एवढा राग म्हणून. तू कशावरून रागावली आहेस हे मला माहीतच नव्हतं.

पाणी: खांबावर अडीच फूट, उतरलं. रात्री पुन्हा गारठा पडतोय, त्यामुळे वरचं बर्फ जागेवर आहे. सकाळी बुटाचं टोक दिसलं, संध्याकाळी चारला पुन्हा जाऊन पाहिलं, तेव्हाही दिसलं. पाण्याचं तापमान शेहेचाळीस फॅरनहाइट. बावन्नच्या पुढे गेलं की कॅडिस उठते. मार्लिसला विचार.

तू येणार की नाही हे मी विचारत नाही. पण सांग.

अर्विड

२ मे, शनिवार

सोल्वेग!

तिकीट काढलंस! शुक्रवारी संध्याकाळी आगगाडीत बसणार, शनिवारी सकाळी इथे. मार्लिसनं आधी ओरडून सांगितलं. अख्ख्या कॅफेला कळलं, मला सगळ्यात शेवटी. म्हणाली, "तुझी बहीण दर शनिवारी मला तासभर नदीचे प्रश्न विचारते. हवामान खात्यात नोकरी लागलीय की काय मला?" मी म्हटलं, तुला पेन्शन लागू करू.

पाणी: दोन फूट. हिरवं. पन्नास फॅरनहाइट. काल दुपारी काठच्या विलोच्या फांद्यांवर पहिल्या दहा-बारा कॅडिस दिसल्या. चाळीस वर्षं बघतोय, तरी पुन्हा पुन्हा मोजल्या. सकाळी टोक दिसतं, दुपारी दिसतं, चारला दिसतं. रात्री अजून पाणी गोठतं, आणि गोठतं आहे तोवर आपलं नशीब शाबूत आहे. आठवडाभर असंच राहिलं तर रविवारी तू जन्मात विसरणार नाहीस असं काहीतरी बघशील.

होडी उलटी करून तळाला डांबर लावलं. पुढच्या जागेची फळी बदलली, तू बाबांच्या दीडपट आहेस असं मी म्हणत नाही, पण फळी जुनी होती. हा हा. पिसांच्या माश्या बांधल्या, चाळीस. अर्ध्या वेड्यावाकड्या झाल्यात, पण ट्राउटला कुठे सौंदर्यदृष्टी असते.

आता एक कबुली, कारण खरं सांगायचं ठरलंय. खांदा नुसता कुरकुरत नाही. जूनमध्ये ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतो, त्यानंतर वल्हं हातात धरायचं नाही, कधीच. हा माझा होडीवरचा शेवटचा वसंत आहे. मार्चमध्येच सांगितलं असतं तर तू कीव येऊन आली असतीस, आणि मला तशी बहीण नको होती. म्हणून लपवलं. आता तिकीट निघालंय, म्हणून सांगतो. रागावणार असशील तर शनिवारी स्टेशनवर रागाव, मी उभाच आहे.

मला एकदाच तुझी पाठ बघत वल्ही मारायची आहेत. एवढंच मागणं आहे.

अर्विड

७ मे, गुरुवार

सोल्वेग,

हे पत्र तुला वेळेत मिळणार नाही, माहीत आहे. तू उद्या गाडीत बसणार. फोन टेबलावर आहे, माझ्यापासून दोन हातांवर. तुला करायच्या आधी लिहितोय, कारण लिहिलं नाही तर माझ्या तोंडून काय निघेल याचा मला भरवसा नाही.

मंगळवारपासून उबदार पाऊस लागला. बर्फावर पडणारा. यापेक्षा वाईट काही नसतं. रात्री गारठा नाही, खिडक्या उघड्या टाकून झोपलो. काल दुपारी पाणी चार फूट, आज सकाळी साडेसहा. तपकिरी, जाड, फांद्या, फेस, एक मेलेलं हरीण. नदी गेली. आता जुलैपर्यंत गेली. होडी घालायचं म्हणजे आत्महत्या. कॅडिस विलोवर भिजून चिकटून बसल्यात आणि खाली त्यांना खायला कुणी नाही.

सकाळी कॅफेत गेलो. मार्लिसनं माझ्यासमोर कॉफी ठेवली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "अर्विड, तिला कळवू नकोस. येऊ दे. मला फोन केला तर मी हिरवं सांगते."

"अगं, काय बोलतेस?"

"मग काय करशील? एकदा इथे उतरली की लगेच थोडीच परत जाणार आहे? म्हणायचं, रात्रीतून चढलं. असं होतं की नाही?"

होतं. खरंच होतं. कुणाला संशय यायचं कारण नाही. पडताळणारीच माझ्या बाजूची झाली. तू स्टेशनवर उतरशील, मी बॅग घेईन, आपण पुलावर उभं राहू, मी हळहळल्यासारखं करीन, तूही हळहळशील. मग तू चार दिवस माझ्या घरी राहशील. मी तुला मीटबॉल करून घालीन, आईच्या पद्धतीचे. सोल्वेग, मला ते फार फार हवंय. नदी जाऊ दे खड्ड्यात, मला तू हवी आहेस या स्वयंपाकघरात.

आणि खरं सांगितलं तर? मी फोनवर म्हणणार, "पाणी गढूळ आहे, येऊ नकोस." तेच वाक्य. त्याच मे महिन्यात, त्याच रविवारच्या तोंडावर. तू म्हणशील, झालं, हा पुन्हा. याला पुन्हा एकट्याला मासे मारायचेत. आणि पुढची अकरा वर्षं तू बोलणार नाहीस. अकरा वर्षं आता दोघांकडेही आहेत की नाहीत कोण जाणे.

मार्लिसला मी म्हणालो, "नको. तू खरंच सांग." ती म्हणाली, "तू मूर्ख आहेस." असेन.

फोन करतो आता.

११ मे, सोमवार

सोल्वेग,

गुरुवारचं पत्रही याच पाकिटात घातलंय. वाच किंवा नको वाचूस, पण माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते तुझ्याकडे असू दे.

फोनवर मी एका दमात बोललो. "पाणी गढूळ आहे. साडेसहा फूट. माशी नाही, मासा नाही, होडी घालता येणार नाही. येऊ नकोस." तू विचारलंस, "किती गढूळ?" मी म्हणालो, "बूट सोड, गुडघा दिसत नाही." तू म्हणालीस, "ठीक आहे. मग तिकीट रद्द करते. ऑपरेशनची तारीख कळव." आणि फोन ठेवलास.

मी खुर्चीत बसून राहिलो. म्हटलं, संपलं. बोलण्यात राग नव्हता, पण तुझा राग आवाजात कधी असतो? तुझा राग गाडी काढून फार्गोला जातो.

शुक्रवारी सकाळी कॅफे उघडायच्या आधीच दारात उभा. मार्लिसला म्हटलं, तिचा फोन येईल तेव्हा मला इथेच असायचंय. तिनं फोनशेजारी स्टूल दिलं. दुपारपर्यंत फोन दोनदा वाजला, एकदा अंडीवाला, एकदा तिचा जावई. मार्लिस म्हणाली, "उद्या करेल. तिचा वार शनिवार." शनिवारीही बसलो. पाच पॅनकेक खाल्ले, चार करपलेले. फोन गप्प. बंद करायच्या वेळी मार्लिस हात पुसत आली आणि म्हणाली, "एप्रिलपासून एक शनिवार चुकला नव्हता तिचा. आता काय झालं? रुसली की काय?"

मी घरी आलो, बूट काढायला बसलो आणि तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. तू रुसली नव्हतीस. रुसली असतीस तर आधी मार्लिसला फोन करून मला खोटं पाडलं असतंस, ते तू कशी सोडशील! तू तिला विचारलंच नाहीस. मी 'गढूळ' म्हणालो आणि तू कुणालाही न विचारता तिकीट रद्द केलंस. खिडकीबाहेर बघितलं नाहीस.

काल रविवारी मी पुलावर जाऊन उभा राहिलो. पाणी सात फूट, तपकिरी, आवाज एवढा की स्वतःचं रडणं ऐकू येत नाही. रडलो, सांगायला काय हरकत आहे. तुझी पाठ बघत वल्ही मारायची राहिली, आणि आता ते कधीच होणार नाही. त्याचं वाईट वाटलं आणि वाटत राहील.

ऑपरेशन चार जूनला, गुरुवारी, सकाळी साडेसातला. नदी जुलैच्या सुरुवातीला निवळेल, पण ते आत्ताच ठामपणे सांगत नाही. रोज जाऊन बघीन आणि असेल तसं कळवीन.

तू आली नाहीस, सोल्वेग. अकरा वर्षांत मला एवढा आनंद कशाचाच झाला नव्हता.

तुझा,
अर्विड